घाम माझा, वास कपड्याचा

जून संपत आला की आमच्या वसई-विरारकडे घराघरांत एक वास मुक्कामाला येतो, तो गणपती गेल्याशिवाय हलत नाही. दोन-दोन दिवस दोरीवर लटकूनही न वाळलेल्या कपड्यांचा वास. समुद्र आणि खाडी दोन्ही जवळ, त्यामुळे हवा कायम ओली, आणि नव्या इमारतींच्या गॅलऱ्या टीचभर. रात्रभर पंख्याखाली वाळवलेला कुडता सकाळी अंगात घालावा, धावतपळत लोकल पकडावी, आणि नायगाव सोडून भाईंदरची खाडी येईपर्यंत आपल्यालाच आपला वास यायला लागावा. मग वरची कडी धरायला हात उचलायचाही संकोच. शेजारची ओढणी नाकाशी नेते, ती आपल्यामुळेच असं वाटत राहतं.

कपड्याचा वास, बाईची स्वच्छता आणि बाईची लाज या तीन वेगवेगळ्या गोष्टी आपण एकाच पिशवीत कोंबल्या आहेत. त्या सुट्या करायला हव्यात, असं मला फार दिवस वाटतंय. आणि त्यासाठी मैत्रिणींनो, तुम्हाला जरा लांब न्यायचंय. पार मनालीच्या बर्फात.

झालं असं, की ओळखीतल्या एका विरारच्या मुलीने स्कीइंग शिकायचं ठरवलं. हल्ली आपल्याकडच्या मुली जातात हो! मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था सोलंगच्या उतारांवर शिकवते, उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगमचे वर्ग असतात, काश्मिरात गुलमर्ग आहेच. आधी जाऊन आलेल्या एका मैत्रिणीने तिला सामानाची यादी लिहून दिली. त्यात होतं: ‘अंगालगत घालायचे लोकरीचे कपडे, वर-खाली, २ जोड.’ दोन आठवड्यांसाठी दोनच जोड.

घरात गदारोळ. आजी म्हणाली, “अगं, चौदा दिवस दोन कपड्यांवर? तुझ्या खोलीतल्या पोरी पळून जातील!” आईने हिशोब मांडला, की त्या एका जोडाच्या पैशांत बाजारातल्या साध्या थर्मलचे चार जोड येतात, रोज बदल, घाण वास नको. मावशीने ‘बर्फात कुठला आलाय घाम’ म्हणून विषय संपवला.

मावशीचं तर अजिबात बरोबर नव्हतं. पायाला स्की बांधून उतारावर तोल सांभाळायचा, पडायचं, उठायचं, पुन्हा वर चढायचं. शिकाऊ माणूस तर घसरण्यापेक्षा चढण्यातच जास्त दमतो. बाहेर शून्याखाली तापमान आणि आत पाठीवरून धारा. ती ओल अंगाशी राहिली की थांबल्यावर हुडहुडी भरते. म्हणून बर्फात अंगालगत सुती कपडा घालू नये असं सगळे जाणकार सांगतात. सूत पाणी धरून बसतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. मग उरतात दोनच, लोकर नाहीतर पॉलिस्टर. ऊब दोन्ही देतात. फरक तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळतो, आणि तो नाकाला कळतो. यादी करणारी मुलगी शहाणी होती.

असं का होतं, ते समजून घ्यायला विज्ञानाची पदवी नको. ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. काखेतल्या ग्रंथींमधून जो थोडा तेलकट घाम येतो, तो आपल्या कातडीवर राहणारे जिवाणू खातात, आणि त्यातून जे निपजतं त्याला वास असतो. हे जिवाणू सगळ्यांच्या अंगावर असतात. साहेबांच्याही आणि हिरॉइनच्याही. आता प्रश्न उरतो, की तो वास कपडा कुठे ठेवतो.

लोकर म्हणजे मेंढीचे केस. आपल्या केसांत असतं तेच केराटिन तिच्यात. हा धागा बाहेरून पाण्याला दाद देत नाही, पण वाफ मात्र पोटात घेतो. हवेत साधारण दमटपणा असताना १०० ग्रॅम कोरडी लोकर सुमारे १६ ग्रॅम पाणी आत मुरवून बसते, तेवढंच सूत ८ ग्रॅमच्या आसपास, आणि पॉलिस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. लोकर तर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल घेऊनही हाताला ओली लागत नाही. घामाच्या ओलीबरोबर वासाची द्रव्यंही ती आत घेते आणि धरून ठेवते. धुतलं की बरीचशी सोडते. पॉलिस्टरची तऱ्हा उलटी. पाण्याशी त्याचं वैर आणि तेलाशी मैत्री. घामातलं तेल त्याच्या धाग्याला चिकटतं, साध्या थंड पाण्यातल्या धुण्याने पुरतं निघत नाही, आणि वास मात्र बाहेरच राहतो, आपल्या आणि शेजारणीच्या नाकासमोर. धुऊन, इस्त्री करून घातलेल्या कुडत्याला अंग जरा गरम झालं की दहा मिनिटांत जुना वास येतो ना? तो आजचा घाम नसतोच. मागच्या आठवड्यातला उरलेला ऐवज असतो.

हे नुसतं ऐकीव नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी काखेत वापरलेली कापडं माणसांना हुंगायला दिली. २००७ साली छापून आलेला निष्कर्ष असा, की सगळ्यात उग्र वास पॉलिस्टरला, सगळ्यात कमी लोकरीला आणि सूत मधे. २०१४ साली बेल्जियमच्या गेन्ट विद्यापीठाने २६ जणांना तासभर व्यायामाच्या सायकलवर घाम गाळायला लावला आणि त्यांचे टीशर्ट दुसऱ्या दिवशी हुंगवले. सुतीपेक्षा पॉलिस्टरला जास्त वाईट वास, आणि वास करणाऱ्या जिवाणूंची एक जात पॉलिस्टरवर जोमाने वाढलेली. (कापडं हुंगायला बसलेल्या त्या माणसांचं मला फार कौतुक वाटतं. घरोघरी आपण हे काम फुकट करतो.)

म्हणजे लोकरीवर जिवाणू नसतात असं नाही, आणि लोकर कधी धुवायचीच नाही असंही नाही. ‘महिनाभर न धुता वापरा’ वगैरे जाहिराती ती मंडळी करतात, ते मला काही पटत नाही. अंतर्वस्त्रं रोज बदलायचीच. पण वरचा लोकरीचा थर रात्री उलटा करून हवेवर टांगला, की चार-पाच दिवस सहज चालतो, आणि जिथे धुतलेलं वाळायला दोन दिवस लागतात तिथे हे फार मोठं सुख आहे.

इथे एक घोळ सांगितलाच पाहिजे. आपण ज्याला ‘लोकर’ म्हणतो ती बहुतेक वेळा लोकर नसतेच! दुकानातून रंगीबेरंगी लडी आणून आपण बाळाची टोपडी विणतो, थंडीत रस्त्याकडेला बसणाऱ्यांकडून स्वेटर घेतो, ते बहुतेक सगळं अ‍ॅक्रिलिक, म्हणजे पॉलिस्टरचंच भावंड. आपल्या आयांच्या वेळी त्याला कॅशमिलॉन म्हणायचे, तेव्हा निदान नाव तरी वेगळं होतं. आता सगळीच लोकर. तेव्हा विकत घेताना आतली चिठ्ठी वाचा. आणि शंका असेल तर शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत बाजूला नेली की विझते आणि राख बोटांनी चुरली जाते. अ‍ॅक्रिलिक, पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. दुकानदारासमोर हे करता येणार नाही, पण घरी आल्यावर फसलो का ते तरी कळेल.

लोकरीचा हा गुण आपल्या घरांत माहीत नव्हता असं मात्र समजू नका. जुन्या घरांतून सोवळ्याला धाबळी असायची, लोकरीची. सुती सोवळं रोज धुवायला लागे, कुणी न शिवता वाळवायला लागे. लोकरीला आणि रेशमाला ते बंधन नसे. पावसाळ्यात तर सुती वाळायचं नाहीच, मग धाबळी नेसून स्वयंपाक. शास्त्रात काय लिहिलंय ते शास्त्री जाणोत. मला वाटतं कुणा बाईच्या नाकानेच आधी हे ठरवलं असणार, की याला वास येत नाही तर चालतंय. सोवळ्याची मी वकिली करत नाहीये. त्याने किती जणांना उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि घरच्याच बायकांना महिन्यातले चार दिवस कोपऱ्यात बसवलं, ते आपल्याला ठाऊक आहे. पण कपड्याची पारख त्यात होती, एवढं मान्य करायला हरकत नसावी.

आणि घोंगडं! देशावरच्या धनगरांचं ते अंथरूण, पांघरूण, रेनकोट सगळं एकच. धनगर बायका सूत काढत, सणगर खड्डामागावर विणत, वर चिंचोक्याची खळ देऊन ते कडक करत. डोक्यावरून खोळ करून घेतलं की पाऊस वरच्या वर निथळतो. वर्षानुवर्षं वापरलेलं घोंगडं कोणी रोज धूत नाही. उन्हात टाकायचं, झटकायचं, झालं. भिजलं की वास येतो, खोटं कशाला बोला. पण तो मेंढीचा येतो, माणसाचा नाही.

गंमत बघा, किंवा दुर्दैव म्हणा. स्कीइंगवाल्यांचे ते मऊ कपडे मेरिनो मेंढीच्या लोकरीचे. तिचा धागा २० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक, म्हणून टोचत नाही. ही बारीक लोकर आपल्या देशात ऑस्ट्रेलियातून येते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ, अंगालगत घालणं अशक्य. तिला आज भाव नाही; कातरणीची मजुरी निघत नाही म्हणून धनगर ती फेकून देतात. घोंगडं मागणाऱ्या पिढ्याच कमी झाल्या.

आता कोणी म्हणेल, “बाई, आम्हाला काय करायचंय बर्फाशी? आम्ही लोकलमध्ये लोकर घालून जाऊ का?” नाही हो. दोन दिवसांत घामोळं येईल. आपल्या हवेत अंगालगत लोकर मी कुणाला सुचवणार नाही. मला यातून घ्यायचंय ते एवढंच: एकाच मुलीने, त्याच पाण्याने आंघोळ करून, तेवढाच घाम गाळून एकदा लोकर घातली आणि एकदा पॉलिस्टर, तर एकदा ती ‘टापटीप’ ठरते आणि एकदा ‘घाणेरडी’. मुलगी तीच. मग घाणेरडं कोण?

हा प्रश्न मला पडला तो नालासोपाऱ्यातल्या एका मुलीमुळे. मुंबईतल्या एका मोठ्या दुकानात ती कपड्यांच्या विभागात उभी असते. दहा तास. गणवेश दुकानाचा: पॉलिस्टरची पँट, पॉलिस्टरचा शर्ट, वर पॉलिस्टरचंच जाकीट, कारण आत एसी असतो. पण दुकान यायच्या आधी तिला विरारहून भरून आलेल्या गाडीत शिरायचं असतं, तिथे एसी नसतो. गणवेशाचे जोड दोन. पाणी बेताचं; टँकरच्या वाटेला डोळे लावणं आमच्याकडे नवीन नाही. रात्री साडेदहाला घरी येऊन ती शर्ट धुते, पंख्याखाली टाकते. एक दिवस वरिष्ठ बाईंनी सगळ्यांसमोर तिच्या हातात डिओडरंटची बाटली ठेवली. ‘पर्सनल हायजीन’ असा शब्द वापरला. तिने त्या शब्दाचा अर्थ घरी येऊन भावाला विचारला. पुढचा आठवडाभर ती डब्यात दाराशी उभी राहून गेली, कोणाच्या जवळ नको म्हणून. विरारच्या गाडीत दाराशी उभं राहणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

त्या पोरीला कोणी सांगितलं नाही, की अगं, तुझं काही चुकत नाहीये, या कापडाचं असंच असतं. डिओडरंटचा वास त्या तेलकट धाग्यावर बसतो आणि दोन्ही मिळून तिसराच प्रकार होतो. जाहिरातवाल्यांना मात्र हे बरं. आधी पॉलिस्टर विका, मग त्याचा वास झाकायला बाटली विका. दोन्हींचे पैसे बाईच्या पर्समधून.

पॉलिस्टर वापरणाऱ्या बायकांना नावं ठेवायचा माझा मुळीच विचार नाही. ते स्वस्त पडतं, इस्त्री लागत नाही, रंग टिकतो आणि मुख्य म्हणजे रातोरात वाळतं. वसईच्या पावसाळ्यात सुती कपडा वाळत नाही आणि त्याला कुबट वास येतो, तोही काही सुगंध नव्हे. बाई बिचारी दोन वासांतला एक निवडते. पण निवडताना माहिती असावी. पातळ सुती, मलमल किंवा व्हॉइल, जाड सुतीपेक्षा लवकर वाळतं. पॉलिस्टरचा कुडता शिवायचाच असेल, तर शिंपीणबाईंना काखेत सुती अस्तराचा तुकडा लावायला सांगा. जुन्या ब्लाउजांना तसा असायचा. घामाचा पॉलिस्टर कपडा पिशवीत गुंडाळून ठेवू नका. घरी आल्या-आल्या भिजवा, उलटा करून धुवा, पाणी सोसेल तेवढं कोमट घ्या, आणि मिळेल तेव्हा उन्हात उलटाच टाका. शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घातल्याने फरक पडल्याचं अनेकजणी सांगतात. कपडे मऊ करणारं ते सुवासिक औषध मात्र खेळाच्या आणि व्यायामाच्या कपड्यांना नको, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि वास आत कोंडतो. खरी लोकर घरात असेल तर तिला सोडा आणि कडक पावडर लावू नका; रिठ्याचं पाणी उत्तम. पिळू नका, टांगू नका, पसरून वाळवा. आणि कसर लागू नये म्हणून ठेवताना कोरडी ठेवा.

हे सगळं झालं घरातलं. घरातलं तर आपण करतोच. पुरुषांच्या जिमच्या बनियनींचंही करतो. माझा खरा रोख आहे गणवेश ठरवणाऱ्यांवर. दुकानं, दवाखाने, सफाईचे ठेके, सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या कंपन्या, वालीव-सातिवलीचे कारखाने. सगळीकडे आता बायका आहेत आणि सगळीकडे गणवेश आहे. तो कोण ठरवतं? बहुधा एसीत बसलेला माणूस, रंगाचं पुस्तक समोर ठेवून. निळा की मरून, यावर चर्चा होते. अंगात घालून कोणी विरार-चर्चगेट करून बघत नाही. १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली आणि १९९३ साली ती विरारपर्यंत आली, तेव्हा निदान कोणीतरी कबूल केलं, की या बायका कामाला जातात, त्यांना जागा हवी. पण त्या कामाला काय घालून जातात, तिकडे आजवर कोणाचं लक्ष नाही.

फार मोठी मागणी नाहीये ही. सूत जास्त असलेलं मिश्र कापड घ्या, थोडं महाग पडेल. दोनऐवजी तीन जोड द्या, पावसाळ्यात चौथा. कामाच्या जागी कपडे बदलायला कडीची एक खोली आणि टांगायला दोरी द्या, म्हणजे गणवेश घालून गाडीत बसायची वेळ येणार नाही. कापड पक्कं करण्याआधी दोघी-तिघींना तो शर्ट जुलै महिन्यात आठवडाभर घालायला द्या आणि मग त्यांनाच विचारा. आणि ‘हायजीन’चं भाषण देणाऱ्या बाईंनी आधी शर्टाच्या मानेमागची चिठ्ठी वाचावी, टक्क्यांत लिहिलेलं असतं सगळं.

नालासोपाऱ्याच्या मुलीने परवा तेच केलं म्हणे. नव्या गणवेशाची मापं घ्यायला माणूस आला, तेव्हा तिने नमुन्याचा शर्ट उलटा करून चिठ्ठी वाचली आणि विचारलं, “यात कॉटन किती टक्के?” मापवाल्याला सांगता आलं नाही. रांगेत तिच्या मागे अकराजणी होत्या, त्यांनीही विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही.